मुभा, पोहोच आणि वावर

आयोजकांनी मला आज 'ॲक्सेस' या शब्दावर बोलायला सांगितलं आहे. राजकारणात, शिक्षणात आणि रोजच्या व्यवहारात हा शब्द हल्ली सारखा कानावर पडतो. शिक्षणाचा ॲक्सेस, आरोग्याचा ॲक्सेस, न्यायाचा ॲक्सेस, इंटरनेटचा ॲक्सेस. सरकारी योजनेची पुस्तिका उघडा, विद्यापीठाचा अहवाल उघडा, बँकेची जाहिरात बघा, तिन्हीकडे तो सापडतो. आता जो शब्द सरकारला, विद्यापीठाला आणि बँकेला सारखाच आवडतो, त्याची जरा झाडाझडती घ्यायला हवी. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं येतं तरी काय? शब्द हातात घ्यायचा आणि तो कशासाठी वापरला जातोय, कशावर पांघरूण घालतोय, ते बघायचं.

पहिली अडचण अशी की मराठीत याला एक नेमका शब्द नाही. प्रवेश म्हणावं, तर ते दारापाशीच संपतं. उपलब्धता म्हणावं, तर ती वस्तूची असते, माणसाची नसते. सुलभता, सुगम्यता हे शब्द आपण सरकारी कागदासाठी घडवले, बोलण्यात ते आले नाहीत. पण एक शब्द नाही, ही मला उणीव वाटत नाही. इंग्रजीत एकाच शब्दात जे कोंबलं आहे, ते मराठीत बोलताना सुटं करावं लागतं, आणि सुटं केलं की त्यातली गफलत दिसते. मी आज तीन शब्द घेणार आहे: मुभा, पोहोच आणि वावर.

मुभा म्हणजे नियमात मनाई नसणं. पोहोच म्हणजे प्रत्यक्षात तिथवर जाता येणं आणि गेल्याचा उपयोग होणं. आणि वावर म्हणजे आपण तिथे आहोत ही गोष्ट कुणाला विचारावीशी, हटकावीशी वाटूच नये अशी स्थिती. विदर्भात, मराठवाड्यात शेतालाच वावर म्हणतात. "वावरात चाललो," असं माणूस म्हणतो, तेव्हा तो कुणाची परवानगी काढून चाललेला नसतो.

आता या तीन शब्दांचं व्याकरण बघा. 'त्याला मुभा दिली.' इथे देणारा वेगळा आहे, आणि ज्याच्याविषयी आपण बोलतोय तो बिचारा चतुर्थी विभक्तीत बसला आहे. 'त्याची तिथवर पोहोच आहे.' इथे निदान देणारा गेला. 'तो तिथे वावरतो.' इथे तो स्वतः कर्ता झाला. माझं आजचं सगळं म्हणणं या तीन वाक्यांत आहे. आपण मुभा देतो, तिची मोजदाद पोहोच म्हणून करतो आणि समता आली असं जाहीर करतो. वावराचं कुणी विचारतच नाही. आणि वावर नसेल, तर दिलेली मुभा कधीही काढून घेता येते.

महाडचं तळं : चार वर्षांचं अंतर

हे समजून घ्यायला महाडच्या चवदार तळ्याइतकं चांगलं उदाहरण मला जगाच्या तत्त्वज्ञानातही सापडलेलं नाही. ही कथा आपल्याला पाठ आहे असं आपल्याला वाटतं. २० मार्च १९२७, बाबासाहेब, ओंजळभर पाणी. पण तिच्या आधीची चार वर्षं आपण वगळून टाकतो, आणि माझ्या विषयाचं मर्म त्या चार वर्षांत आहे.

ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये आपलं तळं सर्वांना खुलं केलं. म्हणजे कागदावर बघाल, तर १९२४ साली ॲक्सेस मिळालेला आहे. आजच्या भाषेत सांगायचं, तर अहवालातल्या चौकटीत बरोबरची खूण झालेली आहे. आणि प्रत्यक्षात? १९२४, १९२५, १९२६. तळं तिथेच, ठराव तिथेच, तहान तिथेच. अस्पृश्यांपैकी कुणी त्या पाण्याला हात लावू शकत नव्हतं. आड काय येत होतं? कायदा नव्हे. मारहाणीची, बहिष्काराची भीती, सावकाराची आणि जमीनमालकाची नाराजी, गावाची नजर.

मग मार्च १९२७ ची परिषद. हजारो माणसं शिस्तीत तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्यायली. मुभेचं रूपांतर पोहोचीत झालं, पण एका दिवसापुरतं. त्याच दिवशी परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये काय झालं, ते फार लोक लक्षात ठेवत नाहीत. महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तीन वर्षं तो ठराव निर्धास्तपणे कागदावर नांदला, कारण तो कुणी वापरत नव्हतं. ज्या क्षणी माणसांनी तो खरा मानून वापरला, त्या क्षणी तो मागे घेतला गेला!

याचा अर्थ नीट लावा. न वापरलेली मुभा देणाऱ्याला काहीच खर्चाची नसते. उलट तिचं पुण्य मिळतं. खर्च सुरू होतो तो ती वापरली जाते तेव्हा.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं, तेव्हा विरोधक कोर्टात गेले. तळं सार्वजनिक नाहीच, ते खासगी मालकीचं आहे, असा दावा केला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. तो दावा निकालात निघायला मार्च १९३७ उजाडला. उच्च न्यायालयाने निकाल दिला, तो बाबासाहेबांच्या बाजूने. नऊ वर्षांहून अधिक काळ! आणि 'हे खासगी आहे' हा युक्तिवाद तुम्हाला ओळखीचा वाटत असेल, तर तो तसा वाटायलाच हवा. दार बंद ठेवणं अवघड झालं, की आधी दार सार्वजनिक आहे हेच नाकारायचं, ही रीत आजही चालू आहे.

डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी जे सांगितलं त्याचा आशय असा, की या तळ्याचं पाणी आजवर मिळालं नाही म्हणून आपण काही मेलो नव्हतो. आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे प्रस्थापित करायला तळ्यावर जायचं. म्हणजे प्रश्न पाण्याच्या पुरवठ्याचा नव्हता. कुणी म्हणालं असतं की तुमच्या वस्तीत दुसरं तळं खणून देतो, तर पाण्याची सोय झाली असती आणि वावर कायमचा बुडाला असता. 'पर्यायी व्यवस्था' हा शब्द सरकारी पत्रात वाचला, की मला म्हणूनच धाकधूक वाटते.

आपल्या संविधानात याचा माग सापडतो. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांच्या संदर्भात इंग्रजी मजकुरात 'ॲक्सेस' हा शब्द आहे. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या संदर्भात मात्र तो शब्द नाही. तिथे 'यूज' आहे, म्हणजे वापर. शब्दाशब्दाचा कीस पाडणाऱ्या माणसाला यात बरंच दिसतं. तलावाच्या काठापर्यंत जाण्याचा हक्क पुरेसा नाही. पाणी भरण्याचा हक्क हवा. महाडचं तळं बघितलेल्या पिढीला हा फरक कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दार उघडं असणं म्हणजे काय?

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच.

आयझाया बर्लिन यांचं १९५८ सालचं ऑक्सफर्डमधलं स्वातंत्र्याच्या दोन संकल्पनांवरचं व्याख्यान प्रसिद्ध आहे. बर्लिन यांचा एक आग्रह होता, की स्वातंत्र्य वेगळं आणि ते वापरण्याची परिस्थिती वेगळी. गरिबाला एखादी गोष्ट परवडत नसेल, तर त्याला ती करण्याचं स्वातंत्र्यच नाही असं म्हणू नका, त्या स्वातंत्र्याचा त्याला उपयोग नाही असं म्हणा. त्यामागची त्यांची काळजी खरी होती. भाकरी दिली म्हणजे स्वातंत्र्य दिलं, असं म्हणत माणसं चिरडणाऱ्या राजवटी त्यांनी पाहिल्या होत्या. शब्दांची सरमिसळ झाली की हुकूमशहाचं फावतं, हे त्यांचं म्हणणं आपण विसरू नये.

पण हा फरक महाडला नेऊन बघा. १९२५ साली त्या माणसाला पाणी पिण्याचं स्वातंत्र्य होतं, फक्त परिस्थिती नव्हती, असं म्हणायचं का? ते नगरपालिकेच्या बाजूने बोलल्यासारखं होईल. कारण ती 'परिस्थिती' पावसासारखी आकाशातून पडलेली नव्हती, ती माणसांनीच राखलेली होती. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या व्याख्यानात 'समता कशाची?' असा प्रश्न विचारला आणि एक साधी गोष्ट दाखवून दिली: दोन माणसांना सारखीच साधनं दिली, तरी अपंग माणसाला त्यांतून तेवढंच साधता येत नाही. म्हणून हातात काय दिलं ते मोजू नका, त्यातून माणूस काय करू शकतो, काय होऊ शकतो ते बघा. मुभेकडून पोहोचीकडे जाण्याचं हे मोठं वैचारिक पाऊल आहे.

तरी मी सेन यांच्यापाशीही थांबत नाही. का, ते सांगण्यासाठी काफ्काची एक छोटी गोष्ट आठवतो. १९१५ साली छापून आलेली. खेड्यातला एक माणूस कायद्याच्या दाराशी येतो. दार उघडंच आहे. द्वारपाल म्हणतो, आत्ता सोडता येणार नाही. माणूस तिथेच बसतो. दिवस, मग वर्षं. जवळचं होतं नव्हतं ते द्वारपालाला देऊन बघतो. म्हातारा होतो. मरताना त्याला कळतं की ते दार फक्त त्याच्यासाठीच होतं, आणि आता ते बंद होणार आहे.

या गोष्टीचे ढीगभर अर्थ लावले गेलेत. मराठी माणसाने मात्र ती महाडच्या शेजारी ठेवून वाचावी. तो माणूस आयुष्यभर द्वारपालाशी बोलत राहतो, त्याला विनवतो, त्याच्या कॉलरवरच्या पिसवांनाही विनवतो. दार उघडं असताना तो परवानगी मागतो. महाडला गेलेली माणसं द्वारपालाशी बोलली नाहीत. ती तळ्यात उतरली. आपल्याकडे 'उंबरठे झिजवणं' असा वाक्प्रचार आहे. उंबरठा झिजतो म्हणजे दार उघडं असतं, माणूस रोज जातो, आणि काम होत नाही. ज्या समाजात हा वाक्प्रचार इतका रुळला, त्या समाजाला ॲक्सेसचं तत्त्वज्ञान परदेशातून आणायला नको.

शाळा : दारातून आत आल्यावर

शिक्षणाकडे येऊ. इथे मुभा आणि पोहोच यांतला फरक महाराष्ट्राला फार लवकर कळला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. त्यांची तक्रार अशी होती, की महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्चशिक्षणावर. शाळा सर्वांना खुली आहे, हे सरकारचं उत्तर त्यांना पुरत नव्हतं. ठरावीक वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक चांगले नेमा, त्यांना पगार नीट द्या, अभ्यासक्रमात शेतीचं, रोजच्या उपयोगाचं काही आणा, असं त्यांचं मागणं होतं. हे सगळं पोहोचीचं मागणं आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. त्यांनी वसतिगृहांवर एवढा भर का दिला? कारण शाळा कोल्हापुरात होतीच. खेड्यातल्या मुलाला नडत होतं ते राहायचं कुठे आणि जेवायचं काय, हे. पुढे १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली, एका पंगतीला बसवली, कामाला लावली. ही तिसरी पायरी झाली. शाळेत नाव घालणं ही मुभा, वसतिगृह ही पोहोच, आणि एका पंगतीला बसणं हा वावर. आपल्याच मातीत हे तिन्ही टप्पे लोकांनी प्रत्यक्ष उभे करून दाखवले आहेत.

मग आज आपण परत पहिल्या पायरीवर का आलो? 'असर'चा २०२४ चा अहवाल बघा. ग्रामीण भारतात सहा ते चौदा वयोगटातली अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या आसपास मुलं शाळेत दाखल आहेत. आणि पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही. पहिला आकडा मुभेचा आहे, दुसरा पोहोचीचा. भाषणात कुठला आकडा येतो, ते तुम्हीच सांगा.

शिक्षण हक्क कायद्याची पंचवीस टक्क्यांची तरतूद घ्या. खासगी शाळांनी आपल्या प्रवेशवर्गातल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला ही सक्ती नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. मला इथे १९२७ चा ऑगस्ट आठवतो. दोन्ही प्रसंग एका मापाचे आहेत असं मी म्हणत नाही, पण घाट तोच आहे. मुभा होती, ती वापरली जाऊ लागली, आणि ती आटोपती घेण्याचा प्रयत्न झाला. युक्तिवादही तोच: तुमच्यासाठी जवळच दुसरी सोय आहे की! वेगळं तळं.

आणि ज्यांना प्रवेश मिळाला, त्यांचं पुढे काय? सहलीचे पैसे, गणवेशाचे दोन-दोन जोड, पालकांच्या गटावर इंग्रजीत येणाऱ्या सूचना, वाढदिवसाला वर्गात वाटायच्या वस्तू. यांतलं काहीही नियमात लिहिलेलं नसतं. मूल मात्र रोज ते वाचत असतं. आपल्या मराठी शाळांनीही स्वतःला निर्दोष समजू नये. 'आनी', 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसतो, आणि कधी कधी शिक्षकही हसतात. त्या दिवसापासून ते मूल हात वर करायचं बंद होतं. पटावर नाव आहे, बाकावर जागा आहे, हजेरी शंभर टक्के आहे. वावर संपला. एका 'ण'ने जेवढी माणसं दाराबाहेर ठेवली, तेवढी कुलपांनी ठेवली नसतील.

ग्रामसभा आणि दीडशे शब्द

राजकारणात मुभेला आपण मताधिकार म्हणतो. तो १९५० च्या संविधानाने सगळ्या प्रौढांना एकदम दिला, आणि ही जगाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. पण मत देणं हे काही वर्षांतून एकदा दार ठोठावणं झालं. मधल्या दिवसांत काय?

ग्रामसभेला गावातला प्रत्येक मतदार येऊ शकतो. कुठेही मनाई नाही. आता ती कोणत्या वेळी भरते, शेतमजूर बाई त्या वेळी कुठे असते, सभा कुठल्या आळीत भरते, खुर्च्या कुणासाठी आणि सतरंजी कुणासाठी, हे बघा. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे माणसं आली नाहीत तरी काम रीतसर पार पडतं. सर्वांना खुली आणि बहुतेकांवाचून चालणारी. मुभेचं याहून शुद्ध रूप मला ठाऊक नाही.

माहितीच्या अधिकाराचंही तसंच. २००५ चा कायदा. दहा रुपयांत साधा नागरिक सरकारला प्रश्न विचारू लागला, ही वावराची सुरुवात होती. कचेरीच्या दारावर 'कामाशिवाय आत येऊ नये' अशी पाटी असायची. या कायद्याने सांगितलं, की विचारणं हेच माझं काम आहे. २०१२ मध्ये महाराष्ट्राच्या नियमांत दुरुस्ती झाली: अर्ज एकाच विषयावर हवा आणि साधारण दीडशे शब्दांत हवा. दिसायला किती किरकोळ अट! पण दीडशे शब्दांत नेमका प्रश्न कुणाला लिहिता येतो? वकिलाला, पत्रकाराला, मुरलेल्या कार्यकर्त्याला. ज्याचं रेशनकार्ड, सातबारा आणि घरकुल ही तिन्ही दुखणी एकमेकांत गुंतली आहेत, त्याने कुठला एक विषय निवडायचा?

पंचायतीतल्या महिला आरक्षणावर मात्र मला जरा वेगळं बोलायचं आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. त्यावर 'सरपंचपती'चे विनोद करणं आपल्याला फार आवडतं. खुर्चीवर बाई, कारभार नवऱ्याचा. हे खरं आहे, आणि अनेक ठिकाणी आहे. पण विनोद करणारा माणूस वावराला वेळ लागतो हे विसरतो. पहिल्या टर्मला जिने फक्त सही केली, तिच्या सुनेला सही करणारी बाई बघायची सवय झाली. मुभा एका अधिसूचनेने मिळते. वावर पिढीने मिळतो. तो हळू येतो म्हणून खोटा ठरत नाही, आणि त्याची सुरुवात पुष्कळदा अर्ध्यामुर्ध्या, हास्यास्पद दिसणाऱ्या मुभेतूनच होते. मी मुभेला तुच्छ लेखत नाही. मुभेवर थांबण्याला माझा विरोध आहे.

रस्ता, अंगठा, पापणी

रोजच्या जगण्यातली तीनच उदाहरणं देतो.

एक, रस्ता. रस्ता सर्वांना खुला. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' या नावाने मोहीम चालली. मुद्दा साधा होता: मुतारी पुरुषांना फुकट आणि बाईला मात्र पैसे, आणि बायकांसाठी सोयी मुळात कमी. दिवसभर भाजी विकणाऱ्या बाईने पाणी न पिता बसायचं. शहरात ती किती वेळ आणि किती लांब वावरू शकते, हे शेवटी स्वच्छतागृह ठरवतं. संविधानाने दिलेला संचाराचा हक्क असा एका मुतारीपाशी येऊन अडतो.

दोन, अंगठा. रेशन दुकानात यंत्रावर बोट ठेवायचं. ज्यांच्या बोटांच्या रेषा विटा उचलून, ऊस तोडून, भांडी घासून झिजल्या, त्यांना यंत्र ओळखत नाही. पर्यायी तरतूद कागदावर असते. पण ती वापरायची की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर, म्हणजे पुन्हा द्वारपाल आला.

तीन, पापणी. बँकेचं खातं किंवा मोबाइलचं कार्ड घेताना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटवून दाखवा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे यंत्राला पटतं. ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, ज्यांना पापणी मिटता येत नाही, त्यांनी काय करायचं? हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. 'सगळं ऑनलाइन केलं, आता द्वारपालच उरला नाही,' असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. द्वारपाल गेलेला नाही. तो आज्ञावलीत जाऊन बसला आहे. पूर्वीच्या द्वारपालाला निदान हातापाया पडता येत होतं.

याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अपंगांच्या हक्कांबाबत आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. २०१६ चा कायदा सुगम्यता बंधनकारक करतो, पण त्याखालच्या नियमांत नुसत्याच शिफारशी असतील, तर ते चालणार नाही. किमान काही गोष्टी सक्तीच्याच हव्यात. 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांतलं हे अंतर आहे. आपल्याकडचे बरेचसे उतार त्या अंतरात घसरून पडलेत.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप तुमच्या मनात आलाच असेल. जागा मर्यादित असतात. सगळ्यांना वैद्यकीय महाविद्यालयात कसं घेणार? मान्य आहे. सगळ्यांना सगळं मिळावं, असा माझा दावा नाहीच. निवड होणार. प्रश्न असा, की निवड कशावरून होते? ज्या गोष्टीसाठी निवडायचं, तिच्याशी संबंधित कारणावरून होते, की बापाची ओळख, शिकवणीची फी, घरापासून ग्रंथालयाचं अंतर, 'ण'चा उच्चार यांवरून? यांतलं काहीही रोग्याची नाडी बघायला उपयोगी पडत नाही. जी माणसं या चाळणीत गळतात ती नापास झालेली नसतात, त्यांची परीक्षाच झालेली नसते.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. वावर कायद्याने येत नाही, आधी मनं बदलायला हवीत, असा. हे ऐकायला फार गोड लागतं. पण महाडच्या ठरावानंतर मनं बदलायला तीन वर्षं दिली होतीच की! मनं बदलली नाहीत, कारण बदलायचं काही कारणच समोर आलं नव्हतं. माणूस आपल्याशेजारी बसायला लागतो, मग त्याची सवय होते, मग कधीतरी मन बदलतं. क्रम असा आहे. उलट क्रमाची वाट बघायला सांगणारा बहुधा स्वतः आत बसलेला असतो.

आणि आत बसलेल्यांविषयी शेवटी बोललंच पाहिजे, कारण त्यांत आपण येतो. हे व्याख्यान ऐकणारे, मग ते शब्दांत उतरवलेलं वाचणारे, आणि बोलणारा मी. आपल्यापैकी अनेकांच्या घरात शाळेत जाणारी पहिली पिढी फार लांबची नाही. कुणाचे आजोबा वसतिगृहात राहिले, कुणाची आई घरातली पहिली मॅट्रिक. आत आल्यावर माणूस फार लवकर द्वारपालाची भाषा शिकतो. 'हल्ली दर्जा राहिला नाही', 'कुणीही येतं', 'आमच्या वेळी असं नव्हतं'. ओळखीच्या माणसाचं काम फोनवर करून देण्याला आपण मदत म्हणतो. पण ज्याच्याकडे आपला नंबर नाही, त्याच्यासाठी ती रांग तेवढीच लांबली, हे आपल्या लक्षात येत नाही. वशिला म्हणजे खासगी ॲक्सेस. तो जितका वाढतो, तितकं सार्वजनिक दार अरुंद होत जातं.

म्हणून इथून पुढे कुणी तुम्हाला सांगितलं की अमुक गोष्ट सर्वांसाठी खुली केली आहे, तर तीन प्रश्न विचारा. ती मिळवायला मधला माणूस लागतो का? ज्याने दिली, त्याच्या मनात आलं तर ती उद्या काढून घेता येते का? आणि आत गेलेल्याला आतला नियम बदलण्याविषयी बोलता येतं का? पहिल्याचं उत्तर 'लागतो' असेल, तर ती नुसती मुभा आहे. दुसऱ्याचं 'येते' असेल, तर पोहोच आहे पण तिचा भरवसा नाही. तिसऱ्याचं उत्तर 'येतं' असं मिळालं, तरच त्याला वावर म्हणा.

महाडच्या तळ्याबद्दल १९३७ साली निकाल लागला, तेव्हा तळं तेच होतं आणि पाणीही तेच. बदललं होतं ते एवढंच, की पाणी प्यायला आता नगरपालिकेच्या ठरावाची गरज उरली नव्हती. ठराव रद्द होऊन जवळजवळ दहा वर्षं झाली होती, आणि तरी हक्क उभा होता.

आता प्रश्न विचारा, आणि शक्यतो मागच्या रांगेपासून सुरुवात करू.